शिंगवाले कोळी : ओळखीच्या एका खुणेचा इतिहास

कोळ्याच्या पाठीवर शिंग असते असे वर्गात सांगितले, तर निम्मी मुले हसतील. उरलेल्यांतला एखादा चौकस मुलगा लगेच विचारील, "ते टोचते का?" प्रश्न चांगला आहे. शिंग म्हटले की ते लढण्यासाठी किंवा धाक दाखवण्यासाठी असणार, असे आपण गृहीत धरतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका या देशांत, पाठीवर शिंग असलेले मोठे केसाळ कोळी खरोखरच राहतात. त्यांच्या प्रजातीचे नाव सेरॅटोगायरस. नावाच्या पहिल्या भागाचा ग्रीक भाषेतला अर्थच मुळी 'शिंग' असा आहे. हे शिंग टोचत नाही. ते कोणावर चालवलेही जात नाही. मग ते कशासाठी, हा प्रश्न उरतोच. पण त्याआधी आणखी एक प्रश्न आहे. या शिंगावरून कोळी ओळखता येतो का? शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झगडत आले आहेत, आणि त्याचे उत्तर वाटते तेवढे सोपे नाही.

येथे एक खुलासा करतो. 'प्रजाती' हा शब्द आम्ही 'जीनस' या अर्थी आणि 'जाती' हा शब्द 'स्पीशीज' या अर्थी वापरत आहोत. वर्तमानपत्रांत हल्ली हे दोन्ही शब्द कसेही वापरले जातात. वर्गीकरणाच्या इतिहासात मात्र हा फरक ठेवला नाही, तर पुढचे काहीच नीट कळणार नाही.

हे कोळी टॅरँटुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुलातले आहेत. हे नावही चुकीच्या ओळखीतूनच आले. इटलीतील तारांतो गावावरून जे नाव पडले ते मुळात एका लांडगा-कोळ्याचे होते. युरोपीय लोक जगभर फिरले आणि कोठेही मोठा केसाळ कोळी दिसला की तेच नाव त्याला लावू लागले. दक्षिण आफ्रिकेत त्यांना बबून कोळी म्हणतात. पायांच्या टोकांशी असलेली काळसर मऊ केसांची गादी बबून माकडाच्या बोटासारखी दिसते, म्हणून हे नाव. अमेरिका खंडातले बरेचसे टॅरँटुला संकटात सापडले की पोटावरचे खाजरे केस मागच्या पायांनी शत्रूच्या तोंडावर उडवतात. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या टॅरँटुलांकडे हे शस्त्र नाही. ते पुढचे पाय उंचावतात, विषदंत उघडे करतात, आणि त्यानेही भागले नाही तर चावतात.

आता शिंग नेमके कोठे असते ते पाहू. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात, शिरोवक्ष आणि उदर. शिरोवक्षावर कायटिनची एक कडक ढाल असते. या ढालीच्या साधारण मध्यावर एक लहानसा खळगा दिसतो. बाहेरून तो नुसताच खळगा वाटतो, पण आतल्या बाजूने तेथे महत्त्वाचे स्नायू चिकटलेले असतात. कोळ्याला चावून गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो, भक्ष्याचा रस झाला की तो शोषून घेतो. हे शोषण्याचे काम शिरोवक्षातले चोषक जठर करते. स्नायू आकुंचन पावले की जठर रुंदावते आणि पंपाप्रमाणे द्रव आत ओढला जातो. या पंपाचे वरचे स्नायू जेथे चिकटतात त्या जागी बाहेर हा खळगा असतो. सेरॅटोगायरसमध्ये याच जागी शिंग उगवते.

या कोळ्यांना पहिले शास्त्रीय नाव मिळाले १८९७ साली. रेजिनाल्ड पोकॉक हे तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या निसर्गविज्ञान विभागात कोळी-विंचवांचे काम पाहत होते. संग्रहालयात जमलेल्या आफ्रिकी मोठ्या कोळ्यांवर त्यांनी त्या वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक मोठा निबंध लिहिला. त्यात सेरॅटोगायरस ही नवी प्रजाती आणि तिच्यातल्या दोन जाती होत्या. पहिली सेरॅटोगायरस डार्लिंगी, जिचे शिंग मागे वळलेले असते. दुसरी सेरॅटोगायरस मार्शली. तिचे शिंग सरळ उभे आणि चांगले उंच असते. दोन्ही नावे नमुने पाठवणाऱ्या माणसांची आहेत.

नमुने आले होते मॅशोनालँडमधून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या उत्तर भागातून. सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीने १८९० मध्ये हा प्रदेश ताब्यात घेतला होता आणि १८९६-९७ मध्ये तेथल्या लोकांनी कंपनीविरुद्ध उठाव केला होता. म्हणजे लंडनमध्ये पोकॉक बाटल्यांतल्या कोळ्यांची शिंगे न्याहाळत होते, तेव्हा ज्या भूमीतून ते कोळी आले तेथे लढाई चालू होती. संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर अशा गोष्टी लिहिलेल्या नसतात. चिठ्ठीवर गाव आणि पाठवणाऱ्याचे नाव असते. बीळ कोणी दाखवले, कोणी खणले, हे सहसा नसतेच.

पाठवणाऱ्यांपैकी गाय मार्शल यांचा जन्म अमृतसरचा. पुढे ते भुंग्यांचे, विशेषतः सोंडकिड्यांचे मोठे तज्ज्ञ झाले आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत भारतीय सोंडकिड्यांवरचा खंड त्यांनी लिहिला. याच मालेत १९०० साली कोळी-विंचवांचा खंड लिहिला तो पोकॉक यांनी. आफ्रिकेच्या शिंगवाल्या कोळ्याला नाव देणारा आणि आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी टॅरँटुलांना नाव देणारा माणूस एकच. महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकात सापडणारा किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस हा कोळी पोकॉक यांनीच १८९९ मध्ये वर्णिला. प्लेसिओफ्रिक्टस मिलार्डी हे नाव तर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीतले मिलार्ड यांच्यावरून आहे. पोकॉक स्वतः नंतर लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले, सस्तन प्राण्यांकडे वळले आणि कोळी मागे पडले. भारतातल्या टॅरँटुलांवर काम करणाऱ्याला आजही त्यांचा १९०० सालचा खंड उघडावा लागतो. एका परीने हे त्यांचे कौतुक आहे आणि आपल्या आळसाची नोंदही.

पोकॉक यांच्यानंतर नव्या जाती येत गेल्या. केपटाउनच्या संग्रहालयातले पर्सेल यांनी १९०२ मध्ये बेचुआनालँडच्या, म्हणजे आजच्या बोट्स्वानाच्या नावावरून एक जाती केली, सेरॅटोगायरस बेचुआनिकस. स्ट्रँड यांनी १९०६ मध्ये जर्मन अमलाखालच्या नामिबियातून एक जाती वर्णिली. ग्रॅहम्सटाउनच्या ऑल्बनी म्यूझियमचे जॉन ह्युइट यांनी १९१९ मध्ये आणखी दोन जाती जोडल्या. त्यांची नावे गमतीची आहेत. ब्रॅकिसेफॅलस म्हणजे आखूड डोक्याचा आणि डोलिकोसेफॅलस म्हणजे लांब डोक्याचा. हे शब्द त्या काळी माणसांच्या कवट्या मोजून मानववंश ठरवणारे लोक वापरत. मोजपट्टी लावून जात ठरवण्याची ती हवाच होती. माणसांच्या बाबतीत तिने काय अनर्थ केला हे आपण जाणतो.

कोळ्यांच्या बाबतीत मोजपट्टीने एवढेच केले की गोंधळ वाढवला. अडचण अशी होती. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याला शिंग नसते. कोळी कात टाकत टाकत वाढतो आणि काही काती टाकल्यावर शिंगाचा उंचवटा दिसू लागतो; पुढच्या प्रत्येक कातीबरोबर तो वाढत जातो. नराचे शिंग मादीपेक्षा लहान. आणि एकाच जातीतल्या, एकाच वयाच्या दोन माद्यांच्या शिंगांतही उंची, वळण आणि जाडी यांत फरक पडतो. संग्रहालयात मात्र एखाद्या जातीचे दोनतीनच नमुने असत, क्वचित एकच. एक नमुना लंडनला, दुसरा केपटाउनला, तिसरा ग्रॅहम्सटाउनला. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहणारा कोणी नाही. अशा स्थितीत शिंगाचा थोडा वेगळा कोन म्हणजे वेगळी जाती असे वाटले, तर त्यात नवल नाही. शाळेतल्या एकाच वर्गातली चार मुले, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांना दाखवली तर ती एकाच वर्गातली आहेत हे कोण ओळखील?

सबंध प्रजाती एकत्र घेऊन तपासण्याचे मोठे काम झाले १९९१ मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या 'कुडू' या नियतकालिकात डी वेट आणि अॅन्सी डिपेनार-शूमन यांनी सेरॅटोगायरसचे पुनरीक्षण प्रसिद्ध केले. या कामामागची निकड समजून घेण्यासारखी आहे. हे कोळी पाळण्यासाठी युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले होते. शिंगामुळे ते दिसायला विलक्षण, म्हणून मागणीही जास्त. माद्या दीर्घायुषी असतात आणि आपल्या बिळापासून फार दूर जात नाहीत. एखाद्या माळावरची बिळे उकरून माद्या काढून नेल्या की तेथली वस्ती पुन्हा भरून यायला फार काळ लागतो. म्हणून तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रांताने १९८७ मध्ये बबून कोळ्यांच्या तीन प्रजातींना कायद्याचे संरक्षण दिले: सेरॅटोगायरस, हार्पॅक्टायरा आणि टेरिनोकायलस.

कोळ्यांना कायद्याचे संरक्षण ही तशी विरळाच गोष्ट. पण कायदा नावावर चालतो. विमानतळावर एखाद्या प्रवाशाच्या सामानात डब्यांमध्ये भरलेले कोळी सापडले, तर ते कोणत्या प्रजातीचे आहेत हे कोणीतरी छातीठोकपणे सांगावे लागते. शिंग दिसले तर सांगणे सोपे. पण पिल्लांना शिंग नसते, हे आपण वर पाहिलेच. आणि चोरून नेण्यासाठी पिल्लेच सोयीची.

पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड गॅलन या ब्रिटिश अभ्यासकाने आफ्रिकी बबून कोळ्यांचा पुन्हा कसून अभ्यास केला. त्यानंतरच्या वर्गीकरणात दोन गोष्टी झाल्या. एक, शिंगाच्या फरकावर उभ्या असलेल्या काही जाती नाहीशा झाल्या. पर्सेल यांचा बेचुआनिकस हा डार्लिंगीच ठरला. पाळीव कोळ्यांच्या बाजारात हे नाव कित्येक वर्षे रूढ होते. ते एका दिवसात नुसते उपनाव होऊन बसले. १९९१ च्या पुनरीक्षणात नव्याने केलेली कॉर्नुएटस ही जातीही मार्शलीत विलीन झाली. दुसरी गोष्ट आम्हांला जास्त बोलकी वाटते. ज्यांना शिंग मुळीच नाही अशा काही जाती सेरॅटोगायरसमध्ये आल्या. मोझांबिकमधला एझेंडामी किंवा मेरिडिओनॅलिस हा कोळी समोर ठेवला, तर पाठीवर शिंगाचा मागमूस दिसत नाही. तरीही तो 'शिंगवाल्या' प्रजातीतच बसतो.

मग त्याला तेथे बसवले कशाच्या आधारावर? मादीच्या शरीरात नराचे शुक्राणू साठवणाऱ्या लहान पिशव्या असतात, त्यांचा आकार. नराच्या स्पृशेच्या टोकाशी असलेल्या बल्बसारख्या अवयवाची ठेवण. जबड्यांच्या बाहेरच्या बाजूवरचे केस. यांतले बरेचसे सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. मादीच्या शुक्राणूंच्या पिशव्या तर मेलेल्या कोळ्याचे विच्छेदन करून किंवा टाकलेल्या कातीच्या आतून पाहाव्या लागतात. आपल्या विद्यार्थ्यांना आपण प्राण्यांचे 'वैशिष्ट्यपूर्ण अवयव' पाठ करायला लावतो, तेव्हा डोळ्यांत भरणारा अवयव आणि नाते सांगणारा अवयव हे दोन निराळे असू शकतात, हे सांगायचे बहुधा राहून जाते. वटवाघळाला पंख असतात आणि देवमाशाला कल्ले नसतात, ही उदाहरणे पुस्तकात असतात खरी. पण ती इतकी सरावाची झाली आहेत की त्यांतले आश्चर्य संपले आहे.

आता त्या चौकस मुलाच्या प्रश्नाकडे वळू. शिंग कशासाठी? एक स्पष्टीकरण असे की, खळग्याच्या जागी शिंग आले म्हणजे चोषक जठराच्या स्नायूंना चिकटायला जास्त जागा मिळते. पंप जोरदार चालतो आणि भक्ष्याचा रस लवकर शोषला जातो. कोरड्या प्रदेशात बिळाच्या तोंडाशी बसून भक्ष्याची वाट पाहणाऱ्या कोळ्याला ते झटपट खाऊन आत जाता आले तर फायद्याचेच. दुसरी कल्पना अशी की, शिंगाच्या पोकळीत अन्नमार्गाचे फाटे शिरतात आणि अन्न साठवायला जागा होते. दोन्ही कल्पना शरीररचनेशी जुळतात. पण ज्या जातींना शिंग नाही, त्यांचेही तशाच बिळांत आणि तशाच भक्ष्यावर उत्तम चालले आहे, ही वस्तुस्थिती दोन्ही कल्पनांच्या आड येते. शिंग असलेले व नसलेले कोळी घेऊन त्यांची खाण्याची गती मोजावी, हा प्रयोग कल्पनेत सोपा आहे. तोपर्यंत या स्पष्टीकरणांना आम्ही तर्क म्हणू, शोध म्हणणार नाही.

गोष्ट येथवर आली असताना अंगोलातून एक नवीन कोळी आला आणि सगळे तर्क पुन्हा उघडावे लागले.

अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चालले. देशाच्या पूर्व आणि आग्नेय भागात जमिनीत सुरुंग पेरलेले होते, काही अजूनही आहेत. प्राणिशास्त्रज्ञ तिकडे फिरकू शकत नव्हते. नकाशावर पाहिले तर हा भाग महत्त्वाचा आहे. बोट्स्वानाच्या वाळवंटी प्रदेशात पसरणारा आणि समुद्राला कधीच न मिळणारा जो ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, त्याला पाणी पुरवणाऱ्या नद्या अंगोलाच्या या उंच भागात उगम पावतात. २०१५ पासून नॅशनल जिऑग्रफिकच्या ओकावांगो प्रकल्पाने या उगमांच्या परिसराची पाहणी सुरू केली. त्यात कीटक-कोळी गोळा करणारे जॉन मिजली हे दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल संग्रहालयाचे शास्त्रज्ञ होते. मिओम्बो नावाच्या विरळ पानझडी जंगलात, रात्रीच्या वेळी, बिळांतून त्यांना काही माद्या मिळाल्या. त्यांच्या पाठीवर शिंग होते. पण कसले शिंग! एरवीच्या सेरॅटोगायरसचे शिंग ढालीसारखेच कडक असते. हे होते मऊ, पिशवीसारखे, इतर सर्व जातींपेक्षा लांब आणि मागे उदराच्या दिशेने गेलेले. असा उंचवटा जगातल्या दुसऱ्या कोणत्याही कोळ्यात पाहिलेला नव्हता.

प्रिटोरिया विद्यापीठातले इयान एंगेलब्रेख्त यांनी मिजली यांच्यासह २०१९ मध्ये 'आफ्रिकन इन्व्हर्टिब्रेट्स' या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले सेरॅटोगायरस अटोनिटिफर. लॅटिनमधून आलेल्या या नावाचा अर्थ 'आश्चर्य वाहून आणणारा'. शास्त्रीय नावात इतकी मोकळी कबुली क्वचितच आढळते.

मऊ शिंगाने पहिला धक्का दिला तो स्नायूंच्या तर्काला. स्नायूला ओढण्यासाठी पक्का आधार हवा. कडक कवचाचा उंचवटा तो देऊ शकतो. मऊ पिशवीला स्नायू चिकटला तर आधी पिशवीच ओढली जाईल. म्हणजे एक तर या जातीत शिंगाचे काम वेगळे आहे, किंवा सगळ्याच शिंगांविषयीचा आपला समज तपासून पाहिला पाहिजे. वर्णन करणाऱ्यांनी या शिंगाचे कार्य अज्ञात असल्याचे सरळ नोंदवले आहे.

शास्त्राला हा कोळी २०१९ मध्ये कळला. तेथल्या लोकांना तो आधीपासून माहीत होता. त्या भागातल्या लुचाझी भाषेत त्याला 'चंदाचुली' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द ओळखीचा वाटतो, पण चंद्राशी किंवा चुलीशी त्याचा काही संबंध नाही. हा कोळी मुख्यतः कीटक खातो आणि मादी स्वतः नवे बीळ खणण्याऐवजी आयते सापडलेले बीळ मोठे करून घेते, ही माहिती गावकऱ्यांनी दिली आणि ती शोधनिबंधात घेतली गेली. मॅशोनालँडच्या चिठ्ठ्यांवर जे राहून गेले होते, त्याची ही थोडीशी भरपाई म्हणावी लागेल.

गावकऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या कोळ्याचे विष माणसाला घातक नाही. तरीही त्याच्या चाव्याने माणसे मेल्याच्या घटना घडल्या आहेत. चाव्याची जखम चिघळते, जंतुसंसर्ग होतो, आणि दवाखाना जवळ नसतो. मृत्यू येतो तो विषाने नव्हे, औषध न मिळाल्याने. आपल्याकडे पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की मोठे कोळी घरांत, गोठ्यांत येतात आणि बघता बघता चपलेखाली जातात. अशा वेळी मुलांना दोन गोष्टी सांगता येतील. कोळ्याला हाताने पकडू नये. आणि चावलाच तर जखम साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवून डॉक्टरकडे जावे, मांत्रिकाकडे नव्हे. कोळी डबीत धरून दूर माळावर सोडता आला तर उत्तमच, पण ते काम मोठ्यांनी करावे.

अटोनिटिफरचे २०१९ चे वर्णन फक्त माद्यांवरून केलेले आहे. नराच्या पाठीवर तसेच मऊ शिंग असते की कडक, की मुळीच नसते, हे पाहायचे तर पुन्हा त्या सुरुंगांच्या प्रदेशात, रात्री, बॅटरी घेऊन जावे लागेल. आणि बीळ कोठे आहे हे चंदाचुली ओळखणाऱ्या कोणालातरी विचारावे लागेल.